रोव्हर दोरीला लटकवून का उतरवतात?

प्रश्न: मंगळावरचा पर्सिव्हरन्स रोव्हर म्हणे दोरीला लटकवून खाली सोडला. एवढं मोठं पॅराशूट होतं की, मग हा उपद्व्याप कशाला? आणि उतरताना काही गडबड झाली तर इथून कोणी सांभाळून घेऊ शकत नाही का?

उत्तर: दुसऱ्याचं आधी सांगतो, ते पटकन संपतं. नाही घेऊ शकत. १८ फेब्रुवारी २०२१ ला तो उतरला तेव्हा तिथून सिग्नल यायला ११ मिनिटं लागत होती आणि वातावरणात शिरण्यापासून टेकण्यापर्यंतचा सगळा खेळ ७ मिनिटांचा, म्हणजे 'आत शिरलो' हे आपल्याला कळेपर्यंत तो एकतर उतरलेला असतो नाहीतर आपटलेला.

आता पॅराशूट. मंगळावर हवेचा दाब आपल्याकडच्या १ टक्क्याहूनही कमी. यान ताशी साधारण १९,५०० किलोमीटरने आत घुसतं, बराचसा वेग हीट शील्ड (उष्णतारोधक कवच) खातं, मग २१.५ मीटर रुंदीचं पॅराशूट उघडतं, आणि तरी वेग ताशी ३०० च्या आसपास उरतोच, कारण पकडायला हवाच नाही. पुढचं काम रॉकेटचं.

पण रॉकेट लावायचं कुठे? खाली लावलं तर झोत जमिनीवर आदळून धूळ-दगड उडणार, शिवाय रोव्हर वर राहणार, त्याला उतरवायला रॅम्प हवा. चीनच्या झुरोंग रोव्हरने २०२१ लाच असं केलं आणि नीट जमलं, पण तो जेमतेम २४० किलोचा. २००४ ला स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी हे रोव्हर एअरबॅगमध्ये गुंडाळून चेंडूसारखे टप्पे खात उतरले, पण पर्सिव्हरन्स १,०२५ किलोचा, एवढ्या वजनाला एअरबॅग टिकतच नाहीत. म्हणून २०१२ च्या क्युरिऑसिटी रोव्हरपासून रॉकेट रोव्हरच्या डोक्यावर नेली आणि रोव्हर नायलॉनच्या दोऱ्यांवर खाली सोडला. चाकंच पाय! चाकं टेकली की दोऱ्या कापायच्या आणि रॉकेटवाला भाग लांब जाऊन पडतो. दिसायला वेडेपणा वाटतो पण माझ्या मते सगळ्यात सरळ उपाय हाच आहे.

मला मात्र दोरीपेक्षा कॅमेऱ्याचं जास्त कौतुक. पॅराशूटवर लटकलेला असतानाच पर्सिव्हरन्स खालचे फोटो काढून आतल्या नकाशाशी जुळवत होता आणि सुरक्षित जागा स्वतःच निवडत होता. जेझेरो विवरात कडे आहेत, मोठाले दगड आहेत, वाळू आहे, ही सोय नसती तर तिथे उतरायची हिंमत कुणी केली नसती.