शिष्यवृत्तीचा अर्ज आधी, पुरस्काराचा नंतर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तासगावच्या त्या मुलाबरोबर तू वर्षभर काम करते आहेस, शाळेत तुझ्या कामाला धड पदनाव नाही, मानधन जेमतेम आणि घरचे रोज विचारतात की याचं पुढे काय. म्हणून तू दोन गोष्टी एका दमात विचारल्यास. बधिरांध, म्हणजे दिसत नाही आणि ऐकूही येत नाही अशा, मुलांसाठी काम करणाऱ्याला शिकायला शिष्यवृत्ती मिळते का, आणि अशा कामाला पुरस्कार असतो का. दोन्हींचं उत्तर हो असंच आहे. पण शिष्यवृत्तीच्या मागे तू आत्ता लाग, हट्टाने लाग. पुरस्काराला थोडी थांब.

आधी शिक्षणाचं. त्या मुलाला अंधशाळेने मूकबधिर शाळेकडे पाठवलं आणि मूकबधिर शाळेने अंधशाळेकडे, हे तू लिहिलं आहेस. असं होतं, कारण एकीकडे सगळं बोलून शिकवतात आणि दुसरीकडे दाखवून. ज्याला दोन्ही वाटा बंद आहेत त्याला स्पर्शातून शिकवावं लागतं, आणि ते शिकवणं ही स्वतंत्र विद्या आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांची यादी आहे. त्यात बहुविकलांगतेच्या नोंदीत बधिरांधत्वाचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे हक्क कागदावर आला, शिकवणारी माणसं मात्र फार थोडी आहेत. सांगली-साताऱ्यासारख्या जिल्ह्यांत तर एखादी आई आणि तुझ्यासारखी एखादी मुलगी, एवढाच काय तो आधार असतो.

आपल्या देशात या शिक्षणाची सुरुवात मुंबईत झाली. बेरोज वाच्छा यांनी १९७७ साली हेलन केलर इन्स्टिट्यूट उभी केली. बधिरांध मुलांच्या शिक्षकांचं प्रशिक्षणही त्या संस्थेने केलं. चेन्नईजवळ मुट्टुकाडूला बहुविकलांगांसाठीची केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आहे. बधिरांधत्वातला विशेष शिक्षणाचा डिप्लोमा दोन वर्षांचा असतो आणि त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता लागते. तो पूर्ण झाला की तुझं नाव केंद्रीय नोंदवहीत चढतं आणि तुला सीआरआर नंबर मिळतो. हा नंबर नसेल तर तू कितीही जीव तोडून काम केलंस तरी सरकारदरबारी तू विशेष शिक्षिका नाहीस. म्हणून फी भरण्याआधी त्या वर्षी त्या संस्थेत तो अभ्यासक्रम चालू आहे का आणि मान्यता कधीपर्यंत आहे, हे आरसीआयच्या यादीत स्वतःच्या डोळ्यांनी बघ. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नकोस.

पैशाचं म्हणशील तर ‘बधिरांधांच्या शिक्षिकेसाठी’ अशी पाटी लावलेली शिष्यवृत्ती शोधत बसलीस तर वर्ष हातचं जाईल. तुझ्या प्रवर्गाची आणि घरच्या उत्पन्नाची जी शिष्यवृत्ती महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर आहे, तिथून सुरुवात कर. तुझा अभ्यासक्रम आणि तुझं कॉलेज त्या यादीत बसतं का, हे प्रवेशाच्या वेळीच कॉलेजच्या कार्यालयात विचारून घे. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं हे सगळं मार्च-एप्रिलातच तयार ठेव. जूनमध्ये सेतू केंद्रात जी रांग लागते ती तू पाहिली आहेस. मग संस्थेलाच सरळ विचार, फीमध्ये सवलत आहे का, वसतिगृह आहे का, शिकता शिकता तिथल्याच मुलांबरोबर काम करून चार पैसे मिळतील का. विचारायला संकोच वाटतो असं तू लिहिलंस. अगं, कर्मवीर अण्णांनी साताऱ्यात १९२४ साली बोर्डिंग काढलं आणि आपल्या भागातल्या मुलांना ‘कमवा आणि शिका’ची वाट दाखवली. त्या मातीतली तू. शिकण्यासाठी मदत मागण्यात कसला कमीपणा?

परदेशातल्या वाटाही आहेत, पण त्या पुढच्या. अमेरिकेत वॉटरटाऊनला पर्किन्स ही अंधांची जुनी शाळा आहे. तिथे एज्युकेशनल लीडरशिप प्रोग्राम हा शिक्षकांसाठीचा नऊ महिन्यांचा अभ्यासक्रम चालत आला आहे. आपल्याकडचे शिक्षकही तिथे शिकून आले आणि परत येऊन त्यांनी इथल्या मुलांना शिकवलं. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला पदवी आणि २८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो. हा आकडा मुद्दाम सांगते आहे. तू आज त्या मुलाबरोबर जे तास घालवतेस त्यांची कुठेच नोंद नसेल, तर उद्या ते सिद्ध कशाने करणार? मानधनाच्या पावत्या, शाळेचं अनुभवाचं पत्र, त्यावर तारखा आणि मुख्याध्यापकांची सही, हे दरवर्षी न चुकता घेत जा. शाळा बदलली, मुख्याध्यापक बदलले की असं पत्र मिळवताना चपला झिजतात.

आता वहीचं. रोजच्या कामाची वही ठेव. ‘आज चांगला प्रतिसाद दिला’ अशी वाक्यं त्यात नकोत. काय झालं ते लिही. तुझ्या पत्रात एक ओळ आहे, ती मी दोनदा वाचली. त्याच्या दिवसाच्या खोक्यात तू वस्तू ओळीने ठेवतेस, आंघोळीसाठी टॉवेलचा तुकडा, जेवणासाठी चमचा, बाहेर जायचं असेल तर रिक्षाच्या सीटच्या रेक्झिनचा तुकडा. इतके दिवस तू चमचा त्याच्या हातात द्यायचीस आणि मग ताट यायचं. त्या दिवशी त्याने आपणहून खोकं चाचपलं, चमचा शोधून काढला आणि तुझा हात धरून त्यात ठेवला. भूक लागली, असं तो तुला म्हणाला. हे पत्राच्या तळाशी, जाता जाता लिहिलंस! ही वर्षाची कमाई आहे. तारीख घाल, वेळ घाल, ताट यायला किती वेळ होता ते घाल, तुझा हात त्याच्या हाताखाली होता की वर तेही घाल. हात वर असेल तर तू त्याला हलवतेस. हात खाली असेल तर तो तुझ्या हातावरून शिकतो आणि नको असेल तेव्हा स्वतःचा हात काढून घेऊ शकतो. जाणकार परीक्षकाने अशी एक नोंद वाचली की त्याला पुढचं विचारावं लागत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जातला ‘मी आजवर काय केलं’ हा रकाना याच वहीतून भरायचा. पुढेमागे पुरस्काराचा प्रस्ताव झाला तर तोही इथूनच. आणि उद्या तू शिकायला मुंबईला गेलीस, तर तुझ्या जागी येणाऱ्या माणसाला ही वही लागणार आहे. त्या मुलाने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात का करावी?

अ‍ॅन सुलिव्हन ३ मार्च १८८७ रोजी बधिरांध हेलन केलरला शिकवायला तिच्या घरी पोचली तेव्हा ती स्वतः अवघ्या वीस वर्षांची होती, जवळजवळ तुझ्याच वयाची. हातावर अक्षरं काढायची लिपी ती पर्किन्समध्ये लॉरा ब्रिजमनकडून शिकली होती, आणि लॉरा स्वतः बधिरांध होती. अ‍ॅनने पर्किन्समधल्या सोफिया हॉपकिन्स यांना वेळोवेळी पत्रं लिहिली, आज हे जमलं, आज हे बिनसलं. त्या पत्रांमुळेच तिची पद्धत जगाला कळली. तिचा सन्मान मात्र फार उशिरा झाला. स्कॉटलंडच्या शिक्षणसंस्थेने हेलनबरोबर तिलाही मानद सदस्यत्व दिलं ते १९३२ साली, म्हणजे काम सुरू केल्यावर पंचेचाळीस वर्षांनी. तोवर तिची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. सोबत करणाऱ्याचं काम लोकांना दिसत नाही, आणि म्हणूनच पुरस्कार असावेत असं मला मनापासून वाटतं. त्यांच्यामुळे निदान वर्तमानपत्रात चार ओळी येतात, आणि जतच्या किंवा खटावच्या एखाद्या आईला कळतं की आपल्या लेकराला शिकवता येतं.

केंद्र सरकारचे राष्ट्रीय पुरस्कार ३ डिसेंबरला, दिव्यांग दिनी, दिले जातात. त्यात दिव्यांगांसाठी काम करणारी व्यक्ती आणि पुनर्वसन क्षेत्रातले व्यावसायिक यांच्यासाठी वेगळे गट आहेत. अर्ज राष्ट्रीय पुरस्कारांच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचे असतात. डेफब्लाइंड इंटरनॅशनल ही जागतिक संघटना याच क्षेत्रातल्या माणसांचा गौरव करते, आणि तिथे तरुण कार्यकर्त्यांसाठीही एक पुरस्कार आहे. तो तुझ्या नजरेत असू दे. पण आधी शीक, चार-पाच वर्षं काम कर.

आणि एक कळकळीने सांगते. कधीतरी फोन येईल, ‘मॅडम, आपली राज्यस्तरीय पुरस्कारासाठी निवड झाली आहे, नोंदणी शुल्क एवढं भरा.’ फेटा, शाल, ट्रॉफी, हॉलचं भाडं, सगळ्याचा खर्च तुझ्याकडूनच. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी महिन्याचा पगार यात घातला. फोन सरळ ठेवून दे. खऱ्या पुरस्काराला पैसे भरावे लागत नाहीत, आणि परीक्षक कोण हे तिथे उघड सांगितलेलं असतं.

अर्ज कुठलाही असो, त्या मुलाचा फोटो लावायच्या आधी त्याच्या आईची लेखी संमती घे आणि मजकूर तिला वाचून दाखव. ‘अंधारातल्या जिवाला प्रकाश दिला’ असलं काही तिला ऐकावं लागू नये. तो मोठा झाला की त्यालाच विचारायचं, त्याच्या हातावर, त्याच्या भाषेत, आणि तो नाही म्हणाला तर फोटो नाही. समारंभात त्याला स्टेजवर नेऊन उभं करायचा आग्रह झाला तर तूच आडवी ये. टाळ्या त्याला ऐकू येत नाहीत, फ्लॅश दिसत नाहीत, अनोळखी माणसं मात्र खांद्याला धरून इकडून तिकडे फिरवतात. त्याचं त्याला काय वाटत असेल याचा विचार कर.

त्याचं युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आणि निरामय हा आरोग्य विमा झाला आहे का, ते कळव. नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि बहुविकलांग म्हणून तो त्यात बसतो. मिरजेच्या दवाखान्यांच्या फेऱ्यांत त्याच्या आईचे किती पैसे जातात ते तुझ्याच पत्रात आहे.

डिप्लोमाच्या अर्जासाठी शिफारसपत्र मी देईन. त्याआधी तुझी वही मला वाचायची आहे. पुढच्या रविवारी सांगलीला ये, दाखल्यांच्या झेरॉक्सही घेऊन ये, दुपारी बसून अर्ज भरून टाकू.

तुझ्या,
बाई