नावामागे धावू नकोस, जमिनीमागे जा

चि. लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची वंशावळ वाचली. खापरपणजोबांच्या वर तीन ओळी मोकळ्या सोडून तू पानिपतावर गेलेल्या एका शिलेदाराचे नाव लिहिले आहेस, कारण पेशवे दप्तरातील एका छापील कागदात तेच नाव आणि तेच आडनाव तुला आढळले. दोन्ही चुलत्यांना ते पटले आहे, पण तुझे मन घेत नाही. घेऊ नयेच. 1761 सालचा तो शिलेदार आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदवहीत, दिसणारे तुमचे घर यांच्यामधल्या पिढ्या नुसत्या नामसाधर्म्याने भरून निघत नाहीत.

आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवतात, एकाच भावकीत त्या नावाचे दोघे-तिघे एका वेळी हयात असतात, आणि जुन्या कागदांत पुष्कळदा आडनाव नसतेच. ‘अमुक बिन तमुक’ एवढ्यावर भागते. म्हणून माझा एकच आग्रह आहे: नावामागे धावू नकोस, जमिनीमागे जा. माणसे गाव सोडतात, दत्तक जातात, निर्वंश होतात; रान जागचे हलत नाही.

तुमच्या विहिरीवरच्या शेताचा आजचा गट नंबर घे. 1947 च्या कायद्यानंतर गावोगाव विखुरलेल्या तुकड्यांचे एकत्रीकरण होऊन सर्व्हे नंबरांचे गट झाले, त्यामुळे गट नंबर घेऊन जुन्या दप्तरात शिरणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. जुना सर्व्हे नंबर एकत्रीकरणाच्या पत्रकात मिळेल. तो हाती आला की सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात लिहिलेले फेरफार क्रमांक धरून एकेक नोंद मागे वाचत जा आणि एक पिढी पक्की झाल्याशिवाय पुढची पायरी चढू नकोस.

आणि वाचायचे म्हणजे प्रत्येक अक्षर वाचायचे. तू पाठवलेल्या नकलेत थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ असे आहे, ते तू सोडून दिलेस. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून एकाचेच नाव लागे आणि धाकटे भाऊ कागदावर येतच नसत. तेव्हा खापरपणजोबा त्या नोंदीत नाहीत म्हणून ते दुसऱ्या गावचे असावेत, हा तुझा तर्क तिथेच कोसळतो. त्याखालच्या नोंदीत ‘मयत, वारस अज्ञान मुलगे, अ. पा. क. आई’ असे लिहून पुढे त्या बाईंचे नाव दिले आहे. अज्ञान म्हणजे वयात न आलेले, आणि अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. नवऱ्यामागे मुलांची पालनकर्ती म्हणून तिने ते रान राखले, आणि तुझ्या वंशावळीत तिला जागा नाही! शिलेदाराला मात्र आहे. याचा मला राग आला, हे लपवत नाही.

सर्व्हे नंबरांच्या मागे जायचे तर रानाचे नाव लागते. 1835-36 च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून इंग्रजी मोजणीची नवी पद्धत सुरू झाली. त्याआधी पुणे प्रांतात गावची जमीन थळांत, म्हणजे मोठ्या वाट्यांत, वाटलेली असे आणि थळाला बहुधा मूळ मिरासदार, म्हणजे वंशपरंपरेच्या हक्काने जमीन धरणाऱ्या, घराण्याचे नाव असे. ते घराणे बुडून जमीन गतकूळ, म्हणजे बेवारस, झाली आणि दुसऱ्याने कसायला घेतली, तरी थळाचे जुने नाव टिके. तेव्हा गावच्या थळांची नोंद असलेला थळझाडा मिळालाच, तर थळाच्या नावावर भाळू नकोस, जमीन कोणाकडे आहे ते पाहा. मात्र गावातली वयस्कर माणसे त्या रानाला काय म्हणतात, हे आजच विचारून ठेव. पुण्याच्या पुराभिलेखागारातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे, सोडायचे असतील, तर मोडी स्वतः शीक. त्या लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत, आणि दुसऱ्याने लावलेल्या वाचनात त्याची इच्छा मिसळते. सालही स्वतः मोज. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे 3, 70, 100 आणि 1000 मिळून सुहूर सन (जुन्या मराठी कागदांत अरबी शब्दांनी लिहिली जाणारी कालगणना) 1173, अर्थात इसवी सन 1772-73, कारण हे साल मृगापासून सुरू होते.

एवढा हट्ट कशाला, असे तुला वाटेल. आमच्या भावकीने कुलवृत्तांत छापायला घेतला, तेव्हा आमच्याच आडनावाच्या एका नामांकित सरदाराशी आमची शाखा जोडावी, असे सर्वांचे मत पडले. मी जमिनीचा दुवा मागितला. तो कोणाकडेच नव्हता. मी मसुद्यावर सही केली नाही, काम रखडले, आणि ते पुस्तक हातात घेण्याची इच्छा मनात ठेवूनच वडील गेले. ही खंत जाणार नाही. तरीही तोच मसुदा आज पुढे आला तर मी सही करणार नाही. चुलतभाऊ याला हेकटपणा म्हणतात. कागद सांगतात की आमचे पूर्वज कोरडवाहू रानात राबणारे कुणबी होते. त्यांचा जन्मभराचा घाम पुसून त्यांना सरदाराच्या वंशात बसवायला मी नकार दिला, यात हेकटपणा कसला?

तो शिलेदार तुमचा नसेलच, असे मी म्हणत नाही. त्याच्या नावे तुमच्या गावात मिरास किंवा इनाम होते असा कागद निघाला, तर मी स्वतः त्याला मान देईन. तोवर त्याला वेगळ्या पानावर ठेव. येत्या आठवड्यात सासवडला जाऊन भूमी अभिलेख कार्यालयात एकत्रीकरण पत्रकाच्या नकलेसाठी अर्ज कर, अर्जात गट नंबराबरोबर शेताच्या चतुःसीमाही लिही, आणि नक्कल मिळाली की नावे उतरवून न पाठवता अख्ख्या पानाची छायाप्रत मला पाठव.