ट्रॅक स्प्रिंटसाठी पेडलची निवड

ट्रॅकच्या सायकलला फ्रीव्हील (पेडल थांबले तरी चाक फिरू देणारी यंत्रणा) नसते आणि ब्रेकही नसतात, त्यामुळे ऐन वेगात पाय सुटला तरी पेडल फिरतच राहते आणि तोल सावरायला उसंत मिळत नाही. म्हणून नवोदित स्प्रिंटरने पेडलचे वजन किंवा किंमत पाहण्याआधी त्याची पकड पाहावी.

शिमानो एसपीडी-एसएल किंवा लुक केओ पद्धतीची, बूट स्प्रिंगने अडकवून धरणारी आणि त्या स्प्रिंगचा ताण वाढवता येणारी पेडल सुरुवातीला पुरेशी ठरतात. मात्र जागेवरून सुटताना मागचा पाय सर्व जोरानिशी वर ओढला जातो, टाचही किंचित बाहेर वळते आणि सैल पेडल नेमके त्याच क्षणी दगा देते. हे ध्यानात घेऊन ताण टप्प्याटप्प्याने वाढवत न्यावा. क्लीट, म्हणजे बुटाच्या तळाला बसवलेला आणि पेडलमध्ये अडकणारा तुकडा, कमी फिरणारे घ्यावे, पण गुडघा कुरकुरत असेल तर शून्य अंशाचा, म्हणजे मुळीच न फिरणाऱ्या क्लीटचा, हट्ट धरू नये. नुसत्या रंगावर विसंबून खरेदी मात्र करू नये, कारण शिमानोचे लाल क्लीट मुळीच फिरत नाही, तर लुकचे लाल क्लीट ९ अंश फिरते.

ताण पूर्ण वाढवूनही पाय सुटत असेल, तर पेडलला पट्टा जोडून तो बुटावरून आवळावा. अनेक अव्वल स्प्रिंटर तेच करतात. उतरण्याआधी हा पट्टा हाताने सैल करावा लागतो, त्यामुळे त्याचा सराव भिंतीच्या आधाराने, उभ्या सायकलवर आधीच करून ठेवावा. क्लीट झिजले असेल तर स्प्रिंग कितीही आवळली तरी उपयोग नाही. ते वेळीच बदलावे.