वाचकांचे प्रश्न : वाडीपर्यंत वायफाय

प्रश्न : गावात घरी फायबर आहे. पाच किलोमीटरवरच्या वाडीत मोबाइलला रेंजच नाही. डिश लावून तिथे नेट न्यायचे आणि घरटी महिन्याला पैसे घ्यायचे, तर परवाना लागेल का? (एक वाचक, दापोली)

उत्तर : लहरी वापरायला नाही, नेट विकायला मात्र लागतो. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा 2005 मध्ये परवानामुक्त झाला. 5150 ते 5350 आणि 5470 ते 5875 मेगाहर्ट्झ हे पट्टे ऑक्टोबर 2018 मध्ये. रेडिओला, म्हणजे डिशला जोडायच्या वायरलेस यंत्राला, दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (लहरींचे नियोजन करणाऱ्या) शाखेची ईटीए, म्हणजे उपकरणाच्या प्रकाराची, मंजुरी आहे ना, एवढे खरेदीआधी बघा. पट्टा सगळ्यांचा असल्याने शेजारच्याच्या रेडिओने अडथळा आणला तरी तक्रारीला जागा नाही, हेही लक्षात असू द्या.

घरगुती कनेक्शन परस्पर विकणे नियमबाह्य आहे. त्यावर वाट आहे ती पीएम-वाणी या सार्वजनिक वायफाय योजनेची, जिला केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर 2020 मध्ये मंजुरी दिली. तुम्ही 'पीडीओ' (पब्लिक डेटा ऑफिस), म्हणजे वायफाय पुरवणारे स्थानिक केंद्र, व्हायचे. त्याला परवाना नाही, शुल्क नाही. 'पीडीओए', म्हणजे अनेक पीडीओंना एकत्र जोडणारी, म्हणून नोंदलेल्या संस्थेशी करार करायचा, ग्राहकांचे लॉगिन आणि हिशेब ती सांभाळते. वाडीपर्यंतच्या वायरलेस जोडणीचा उल्लेख करारात करून घ्या. आधी बऱ्याच ठिकाणी पीडीओला महागडी लीज्ड लाइन (एकट्यासाठी राखीव जोडणी) घ्यायला लावत. तिथेच गणित फसे. दूरसंचार नियामक ट्रायच्या जून 2025 च्या आदेशानुसार 200 एमबीपीएसपर्यंतचे घरगुती फायबर प्लॅन पीडीओला द्यावे लागतात, तेही सामान्य दराच्या फार तर दुपटीने.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, मोठी डिश घ्या आणि पॉवर फुल ठेवा. योग्य आहे का?

उत्तर : डिश मोठी घ्या, पॉवर कमी करा. 5725 ते 5875 च्या पट्ट्यात डिशच्या रोखाने बाहेर पडणारी ताकद 36 डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचे एकक), म्हणजे 4 वॅट, यापुढे जाता कामा नये. डिश 23 डीबीआयची (लहरी एका दिशेला किती एकवटते त्याचे माप) असेल तर रेडिओ 13 डीबीएमवर, म्हणजे जेमतेम 20 मिलिवॅटवर ठेवायचा. घाबरू नका, हे पुरते. 5 किलोमीटरमध्ये सुमारे 122 डीबी घट होते. समोरचीही डिश 23 ची धरली, तर 36 वजा 122 अधिक 23, उणे 63 डीबीएम. एवढ्यावर 20 किंवा 40 मेगाहर्ट्झचा चॅनेल छान चालतो.

प्रत्यक्षात उणे 80 च्या आसपास दिसले, तर डिश बहुधा बाजूच्या पाकळीवर, म्हणजे मुख्य झोताशेजारच्या कमजोर झोतावर, अडकली आहे. आधी आडवी, मग उभी, अगदी सावकाश फिरवा. सिग्नल तीन जागी चढलेला दिसेल. मधला सगळ्यात जोरकस, तिथेच बोल्ट आवळा. सेटिंगमध्ये अंतर 5 किलोमीटर टाकायला विसरू नका. ते कमी राहिले तर समोरच्या रेडिओची पोचपावती वेळेत येत नाही, रेडिओ तोच डेटा पुन्हा पुन्हा पाठवतो, आणि सिग्नल भरपूर असूनही वेग मिळत नाही.

प्रश्न : समोरची डिश दुर्बिणीतून स्पष्ट दिसते. तरी जुलैत लिंक का पडते?

उत्तर : पावसाला उगाच दोष दिला जातो, या लहरींचे तो धो धो कोसळताना थोडेफार डीबी खातो, इतकेच. खरी अडचण ओल्या पालवीची. नुसती रेषा मोकळी असून भागत नाही, तिच्या भोवतीची जागाही मोकळी लागते. 5 किलोमीटरच्या मध्यावर त्या जागेची त्रिज्या 8 मीटर भरते आणि त्यातली निदान 60 टक्के, म्हणजे पाचेक मीटर, मोकळी हवी. मेमध्ये रेषेखाली दोन मीटरवर असलेला शेंडा म्हणूनच जुलैत नडतो. केबल रेडिओत शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर घ्या, नाहीतर पाणी थेट सॉकेटमध्ये उतरते.

प्रश्न : पालघरमध्ये टीव्हीच्या रिकाम्या लहरींवर नेट नेले होते म्हणे. झाडीतून जाणारे तेच लावता येईल का?

उत्तर : आयआयटी मुंबईचा तो प्रयोग 470 ते 590 मेगाहर्ट्झवर होता. या लहरी झाडीतून बऱ्या जातात, पण प्रयोगासाठी वेगळी परवानगी लागते. पट्टा खुला नाही. त्यापेक्षा मधल्या टेकडीवर खांब उभारून अडीच-अडीच किलोमीटरचे दोन टप्पे करा. प्रत्येक टप्प्यात सिग्नल 6 डीबीने सुधारतो आणि मध्यावर साडेतीन मीटर मोकळे असले तरी निभावते. खर्च खांबापेक्षा विजेचा: दोन रेडिओ मिळून 16 वॅट धरले तर दिवसाचे 384 वॅट-तास. लेड-अॅसिड बॅटरी अर्ध्याखाली उतरवायची नाही, म्हणून एका दिवसाच्या साठ्याला 12 व्होल्टची निदान 65 एएचची (अँपिअर-तासांची) लागेल. पावसाळी ढगांचा विचार करून दुप्पट घ्या.