कातोंगला सुगी केक खायला जाताय? आधी हे वाचा

सिंगापूरला नवीनच आला असाल तर सांगतो, कातोंग-जू चिअ‍ॅट भागात घरगुती युरेशियन (म्हणजे युरोपियन-आशियाई मिश्र वंशाच्या लोकांच्या) पदार्थांच्या छोट्या कॅफेत जायचं तर सकाळीच जा, एखाद-दुसरा ट्रेच बनवतात आणि दुपारपर्यंत सगळं संपतं. ख्रिसमसच्या आधी तर आगाऊ ऑर्डर देऊनच ठेवा.

पहिल्यांदा सुगी केकच घ्या. सुगी म्हणजे आपली सुजी हो, रवा! तो बटरमध्ये भिजवून ठेवतात, मग भरपूर अंड्यांचे बलक, बदाम आणि बऱ्याचदा थोडी ब्रँडी, म्हणून दारू चालत नसेल तर आधी विचारा. तुकडा मोडताना बोटांना तूपकट ओलावा लागला पाहिजे आणि दाताखाली रवा हलकासा जाणवला पाहिजे, कचकच लागली तर रवा नीट भिजलेला नाही समजा. गोव्याचा बाथ, म्हणजे रवा-नारळाचा केक, खाल्ला असेल तर हा केक ओळखीचाच वाटेल, फक्त नारळ नाही. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतलं आणि 1511 मध्ये मलाक्का (आजच्या मलेशियातलं बंदर), आणि इथल्या बऱ्याच युरेशियन घरांची मुळं त्या मलाक्कातच आहेत, मला तर पहिल्या घासालाच भरून आलं होतं.

पांग सुसी मात्र विचारूनच घ्या, रताळं घालून केलेला गोडसर बन असतो पण आत बहुतेक वेळा डुकराचा खिमा असतो. सोबत कोपी-ओ मागवा, बिनदुधाची कॉफी, केकच्या गोडाला तीच बरी. आणि काउंटरवरच्या आंटीशी दोन शब्द बोला, घाई करू नका.