'चेंबर जॅझ'वाल्या ग्रुपला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की ओरेगन या अमेरिकन ग्रुपवर मराठीत लेख लिहायचाय, लोकसंगीत, जॅझ आणि चेंबर म्युझिक (मोजक्या वादकांनी छोट्या जागेत वाजवायचं पाश्चात्त्य संगीत) मिसळून वाजवणारे चार जण, तर त्यांना 'वाद्यवृंद' म्हणलं तर चालेल का.

माझं मत विचाराल तर नको. शब्दकोशात बरोबर आहे पण कानाला खटकतं. वृंद म्हणलं की बरीच माणसं, शिक्षकवृंद, भक्तवृंद, चार टाळक्यांचा वृंद कोण म्हणतं? शिवाय वाद्यवृंद म्हणलं की एकतर आकाशवाणीचा, १९५२ साली रविशंकरांच्या हाताखाली सुरू झालेला तो आठवतो, नाहीतर गणपतीतला ऑर्केस्ट्रा, मिमिक्रीसकट.

त्यापेक्षा आपला साधा 'संच' घ्या की. 'अमुक अमुक आणि संच' हे वर्षानुवर्षं चालत आलंय, माणसं कितीही असोत, वाद्यं कुठलीही असोत. पथक म्हणलं की ढोलताशा येतो, ताफा म्हणलं की वाजंत्री, फड म्हणलं की तमाशा, आणि चौघं आहेत म्हणून चौकडी लिहाल तर चांडाळ मागोमाग आलाच.

ओरेगनची ही मंडळी १९७०च्या सुमारास पॉल विंटर कॉन्सॉर्ट या ग्रुपमधून बाहेर पडली. ते कॉन्सॉर्टच आहे बरं का, टायपो समजून कॉन्सर्ट करू नका, पहिल्या एलिझाबेथच्या काळात इंग्लंडात छोट्या वादकसंचाला हाच शब्द होता आणि वेगवेगळ्या जातीची वाद्यं एकत्र असली की त्याला पुढे ब्रोकन कॉन्सॉर्ट म्हणायला लागले.

चेंबरला मात्र 'कक्षसंगीत' नको, ते शासकीय परिपत्रकातलं वाटतं, आणि नुसतं चेंबर म्हणलं तर आपल्याला रस्त्यावरचं ड्रेनेजचं झाकण दिसतं. आपल्याकडे फडाची लावणी आणि बैठकीची लावणी हा फरक आहेच ना, मग 'बैठकीचा जॅझ' का नको? मोजके वादक, समोर उभा राहून हात हलवणारा कोणी नाही, एकमेकांकडे कान देऊन वाजवायचं, सगळं बसतं त्यात.

खरी गोची 'फोक'ची आहे. राल्फ टाउनरची गिटार, पॉल मॅककँडलेसचा ओबो (सनईच्या जातीचं पाश्चात्त्य वाद्य), ग्लेन मूरचा डबल बास आणि कॉलिन वॉलकॉटची सतार आणि तबला. हा वॉलकॉट सतार रविशंकरांकडे शिकलेला आणि तबला अल्लारखांकडे, म्हणजे तिकडे जे सरसकट फोकच्या खात्यात टाकतात ते आपल्या हिशोबाने चक्क शास्त्रीय, त्यामुळे 'लोकसंगीत' लिहिलंत की मराठी वाचक भलतंच काहीतरी ऐकायच्या तयारीने बसेल, त्यापेक्षा सरळ वाद्यांची नावं द्या. १९८४ला पूर्व जर्मनीत दौऱ्यावर असताना वॉलकॉट गाडीच्या अपघातात गेला आणि पुढे त्याच्या जागी आला आपल्या मुंबईचा त्रिलोक गुर्टू, ठुमरीवाल्या शोभा गुर्टूंचा मुलगा. हा तबल्याशेजारी पाण्याची बादली ठेवतो आणि वाजती घंटा हळूच त्यात बुडवतो, की तिचा सूर मिंडेसारखा खाली घसरतो. आता याला कुठल्या लेबलखाली टाकणार!

राहिलं अकूस्टिक, म्हणजे विजेच्या मदतीशिवाय वाजणारी वाद्यं. 'ध्वनिक' लिहू नका प्लीज, अकूस्टिकच राहू द्या, सगळ्यांना कळतं. फक्त ऐंशीच्या दशकात टाउनरने सिंथेसायझरही हाताशी घेतला होता, तेव्हा लेख त्या काळातल्या रेकॉर्ड्सवर असेल तर तो शब्द काढूनच टाका.