अंबरनाथचे शिवमंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले, हे खरे आहे का?

नाही, ती लोकपरंपरेतील कथा आहे. मंदिरातील शिलालेखात शके 982, म्हणजे इ.स. 1060, या वर्षाचा आणि उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील राजा मुम्मुणी (लेखातील नाव माम्वाणी) याचा उल्लेख आहे. बांधकामाची सुरुवात मात्र त्याचा भाऊ छित्तराज याच्या काळात झाली, असे सामान्यतः मानले जाते. वालधुनी नदीकाठचे हे काळ्या पाषाणातील मंदिर भूमिज शैलीचे आहे. या शैलीत शिखराच्या चार बाजूंवरून चार उभे नक्षीदार पट्टे वर चढतात आणि त्यांच्यामधल्या जागेत, मूळ शिखराच्याच छोट्या प्रतिकृती, वर जाताना लहान होत जाणाऱ्या ओळींनी एकावर एक बसवलेल्या असतात. येथे शिखराचा माथा शिल्लक नसल्याने गाभाऱ्यावर थेट आकाश दिसते. सभामंडपातून पायऱ्या उतरूनच गाभाऱ्यात जावे लागते. घाई नसेल, तर मंडपातील चार कोरीव खांबांमध्ये थांबून वरचे घुमटाकार छत अवश्य पाहावे; बाहेरच्या मूर्ती बऱ्याच झिजल्या असल्या, तरी तेथील कोरीवकाम माझ्या मते अधिक सरस आहे.